लेआंद्रोला जडलेला सभ्यपणा

वाल्देकुएर्वोच्या किल्ल्यावर तिकिटाची एकच खिडकी आहे, आणि त्या खिडकीत बावीस वर्षं एकच माणूस बसतो: लेआंद्रो सेब्रियान. या काळात किल्ल्याचे दोन बुरुज पडले, तिसऱ्याला टेकू द्यावा लागला, नगरपालिकेत पाच महापौर आले आणि गेले, पण लेआंद्रो जागचा हलला नाही. अशा माणसाविरुद्ध एकाच उन्हाळ्यात तीन तक्रारी याव्यात, आणि तिन्ही इंग्रजांच्याच? छे! हे कुणीतरी ठरवून चालवलंय, अशी शंकेची पाल त्याच्या मनात चुकचुकली ती पहिल्याच मिनिटाला.

नगरपालिकेच्या संस्कृती खात्याच्या बेगोन्याबाईंनी त्याला समोर बसवून तक्रारी वाचून दाखवल्या.

"ऐक. 'खिडकीतला माणूस आमच्यावर कुत्र्यासारखे हुकूम सोडत होता. थांब. पैसे दे. तिकीट घे. तिकडे जा.'"

"मग? तिकडेच जायचं होतं त्यांना," लेआंद्रो म्हणाला. "दार तिकडेच आहे!"

"प्लीज म्हणायचं असतं, लेआंद्रो."

"प्लीज कशाला? मी काय त्यांच्याकडे मूत्रपिंड मागत होतो? आणि ती दुसरी बाई, तिला ऊन लागलं होतं. मी माझी स्वतःची खुर्ची दिली तिला. डब्यातलं संत्रं सोलून दिलं. म्हटलं, खा."

"तेच लिहिलंय इथे. 'त्याने मला दरडावून खाली बसवलं आणि संत्रं खायला भाग पाडलं.'"

लेआंद्रोचा चेहरा असा झाला, की बेगोन्याबाईंनी तिसरी तक्रार वाचायची राहू दिली. त्यांनी कागद मिटला आणि खरी बातमी सांगितली. प्रांताच्या कचेरीतून एक निरीक्षक येणार होता. साधा पर्यटक बनून, महिनाभरात कधीही, न सांगता. त्याला लेआंद्रो उद्धट वाटला, तर खिडकीत तिकिटाचं मशीन बसणार आणि लेआंद्रोची बदली दफनभूमीच्या फाटकावर.

"दफनभूमीत मी कुणाशी बोलू?"

"तेच तर. तिथे तक्रार करायला कुणी नाही," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण दिलासाच देतोय.

आता लेआंद्रोला खिडकी गेली तर काय राहिलं, हे सांगायला नको. सकाळी दहा ते दोन आणि चार ते सात असं जगाचं तोंड बघायची ती जागा. लग्न झालेली जोडपी, काडीमोडाच्या वाटेवरची जोडपी, शाळेच्या सहली, वाट चुकलेले जर्मन, सगळं त्या दोन हात रुंदीच्या चौकटीतून त्यानं पाहिलेलं. तिथून उठवून त्याला थडग्यांपुढे बसवणं म्हणजे जिवंत माणसाला तिथेच नेऊन ठेवणं. तेव्हा बाईंनी "मंगळवार-गुरुवार इंग्रजीच्या वर्गाला जा" म्हटलं, तसा तो मुकाट्यानं गेला.

वर्ग शाळेच्या जुन्या शिवणखोलीत भरायचा. शिकवायला मिस हेझल. या बाई इंग्लंडात शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि नऊ वर्षांपूर्वी गावात घर घेऊन राहिल्या. अंगानं काडी, डोक्यावर कायम गवती हॅट, आणि बोलणं इतकं हळुवार की समोरच्याला आपण आजारी आहोत असं वाटावं. गावात सगळ्यांना त्यांच्याबद्दल आदर होता. पोस्टातला माणूस त्यांना पाहून उभा राहायचा.

पहिल्याच दिवशी मिस हेझलनी फळ्यावर मध्ये रेघ मारली. डावीकडे शिव्या, उजवीकडे सभ्य बोलणं. शिव्या आधी. "कारण शिवी कळली नाही," त्या म्हणाल्या, "तर कुणी देऊन गेलं तरी आपण हसत बसतो."

लेआंद्रोला हे पटलं. पण शिव्यांचा रकाना पाहून त्याची घोर निराशा झाली. आठ! फार तर नऊ. आणि त्याही आखूड. त्याच त्या फिरवून फिरवून वापरायच्या. त्याच्या गावात माणूस साधा अंगठ्यावर हातोडा बसला तरी दुधावर, समुद्रावर, घंटेवर आणि ओळीनं चोवीस संतांवर घाण करायच्या शिव्या हासडून मोकळा होतो, आणि मग जेवायला बसतो. उजवीकडचा रकाना मात्र फळा संपला तरी संपेना. तुम्हाला हरकत नसेल तर, आपल्याला फार त्रास होणार नसेल तर, मी विचारू शकतो का की, क्षमस्व पण, खरंच मनापासून, किती किती आभार.

ज्या लोकांकडे शिव्या आठ आणि विनवण्या दोनशे, ते मनात काय काय दाबून ठेवत असतील? लेआंद्रो वहीत उतरवून घेत होता आणि मिस हेझलकडे तिरक्या नजरेनं बघत होता.

"सभ्यपणा म्हणजे व्यायाम आहे," मिस हेझल म्हणाल्या. "खिडकीत बसल्यावर अंगात आणू म्हटलं तर येत नाही. सवय हवी. गृहपाठ असा: पंधरा दिवस सगळ्यांशी असंच बोला. घरी, बाजारात, मित्रांशी. तुमच्याच भाषेत बोला, पण आमच्यासारखं. आणि कुणाला कारण सांगू नका, नाहीतर ते नाटक होतं."

इथेच माशी शिंकली. पण ते त्या वेळी कुणालाच कळलं नाही, मिस हेझलना तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला लेआंद्रो जेवायला बसला. मसुराची आमटी, कांदा, पाव. एकोणतीस वर्षं या घरात "पाव!" म्हटलं की पाव येत होता, कधी हातात, कधी अंगावर. लेआंद्रोनं घसा खाकरला.

"कासिल्दा, तुला त्रास होणार नसेल तर जरा पाव देतेस का?"

कासिल्दाच्या हातातली सुरी थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, कुणी पाहुणा आलाय की काय म्हणून.

"काय केलंस तू?"

"कुठे काय? पाव मागितला."

"लेआंद्रो, मला सरळ सांग. काय केलंस?"

"काही नाही गं. थँक यू."

हे शेवटचं म्हणायला नको होतं. कासिल्दा उठली आणि त्याच्या कोटाचे खिसे तपासायला गेली. खिशात एक रुमाल, एक पेन्सिल आणि अर्धं बिस्कीट निघालं. काहीच सापडलं नाही म्हणजे नवरा मुरलेला आहे, असा तिनं अर्थ लावला आणि बहिणीला फोन केला.

ही बहीण एल्विरा. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी दातांच्या दवाखान्यातल्या बाईबरोबर निघून गेला होता, त्यामुळे नवरे या विषयात तिचा शब्द अखेरचा.

"थँक यू म्हणाला?" एल्विरा फोनवर किंचाळली. "स्वतःच्या बायकोला? कासिल्दा, खुर्चीवर बस. बसलीस? माझ्याकडे पण इथूनच सुरुवात झाली होती. आधी थँक यू, मग अत्तर, मग दात."

कासिल्दानं लगेच आरडाओरडा केला नाही. ती शहाणी बाई. तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आमटीत तिनं मूठभर मीठ टाकलं, अगदी मोजून मूठभर. नेहमीचा लेआंद्रो पहिल्या घासाला समुद्रावर आला असता आणि दुसऱ्याला संतांपर्यंत पोचला असता. आज त्यानं घास गिळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला, "फार छान झालीये. खरंच, आभारी आहे."

कासिल्दानं पदर नव्हता म्हणून ॲप्रन तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागली. "आता खात्रीच पटली माझी! कोण आहे ती, सांग!"

लेआंद्रोला कारण सांगायची बंदी. बरं, सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं असतं? "मी एका इंग्रज बाईकडे मंगळवार-गुरुवार गोड बोलायला शिकतोय," हे वाक्य कुठल्या नवऱ्यानं कुठल्या बायकोला सांगावं, तुम्हीच सांगा. तो गप्प बसला, आणि गप्प बसला म्हणून आणखी गोत्यात आला.

घरातून सुटका म्हणून तो चेमाच्या बारमध्ये गेला. चेमा आणि लेआंद्रो एका बाकावर शिकले, एकाच दिवशी शाळेतून हाकलले गेले, आणि चाळीस वर्षं दिवसातून दोनदा एकमेकांचं तोंड पाहतात. लेआंद्रो दारात आला की काउंटरमागून चेमा ओरडणार, "आला का हरामखोर! अजून मेला नाहीस?" त्यावर लेआंद्रो चेमाच्या कॉफीबद्दल, त्याच्या टकलाबद्दल आणि त्याच्या पूर्वजांबद्दल दोन शब्द बोलणार, आणि मग चेमा न विचारता कॉफी पुढे सरकवणार. याला तिथे नमस्कार म्हणतात.

"आला का हरामखोर!" चेमा ओरडला.

"नमस्कार चेमा," लेआंद्रो म्हणाला. "तू कामात नसशील, तर एक कॉफी मिळू शकेल का? सवडीनं दे. घाई नाही."

बारमध्ये कोपऱ्यात चौघं पत्ते कुटत बसलेले असतात, रोजचेच. त्यांच्यातल्या एकाचा हुकूम टाकायला उचललेला हात तसाच वर राहिला. टीव्हीवर फुटबॉल चालू होतं तेही कुणीतरी बारीक केलं.

"काय म्हणालास?" चेमानं विचारलं.

"म्हटलं, शक्य असेल तर एक कॉफी."

चेमानं कॉफी दिली. बशी पुसून दिली, हे विशेष. लेआंद्रोनं आभार मानले, कप परत करताना पुन्हा मानले, निघताना दार ओढून घेताना "त्रासाबद्दल माफ कर" असंही म्हणाला. तो गेल्यावर चौघांनी पत्ते खाली ठेवले.

"पाणी कुठेतरी मुरतंय," पत्त्यातला एक म्हणाला.

"नगरपालिकेनं पाठवलाय त्याला," दुसरा म्हणाला. "तुझी फुटपाथवरची टेबलं मोजायला. सरकारी माणूस गोड बोलायला लागला की समजावं, खिशात नोटीस आहे."

चेमाकडे परवाना चार टेबलांचा, टेबलं सात. त्यानं लगोलग तीन टेबलं आत ओढली. पण त्याचं मन काही तिथे नव्हतं. तो टेबलाचा पाय धरून म्हणाला, "लेआंद्रो माझी टेबलं मोजणार नाही रे. हे वेगळं काहीतरी आहे. डॉक्टरकडे गेला होता का तो एवढ्यात?"

झालं. संध्याकाळपर्यंत गावाच्या वरच्या अंगाला लेआंद्रोचं बाहेर प्रकरण होतं आणि खालच्या अंगाला त्याला तीन महिने उरले होते.

तिसरी आघाडी इमारतीत उघडली. लेआंद्रोच्या वरच्या मजल्यावर विसीबाई राहतात. इमारतीच्या मधल्या चौकात सगळ्यांच्या दोऱ्या, आणि विसीबाईंच्या ओल्या चादरी अकरा वर्षं कासिल्दाच्या सुकलेल्या कपड्यांवर ठिबकत आल्या आहेत. याचा निवाडा रोज खिडकीतून व्हायचा. लेआंद्रो वर तोंड करून ओरडायचा, विसीबाई खाली तोंड करून ओरडायच्या, आणि दोघांचे घसे मोकळे झाले की दिवस सुरू व्हायचा. त्या बुधवारी मात्र लेआंद्रोनं वर पाहून हात जोडल्यासारखं केलं.

"विसीबाई, गैरसोयीबद्दल क्षमा असावी. पण आपल्याला जमण्यासारखं असेल, तर चादर जरा पिळून घालाल का? आगाऊ आभार."

विसीबाईंनी खिडकी खाडकन लावली. 'आगाऊ आभार!' असं बोलायला वकीलच शिकवतो. गेल्या वर्षी त्यांच्या मावसभावाला जमिनीच्या भांडणात असंच एक गोड पत्र आलं होतं, आणि त्यात त्याचं अर्धं ऑलिव्हचं रान गेलं. अकरा वर्षं सरळ शिव्या देणारा शेजारी आज एकदम क्षमा मागतो, म्हणजे कागदपत्रं तयार आहेत!

शुक्रवारी लेआंद्रोच्या दारात पोस्टमन. विसीबाईंच्या वकिलाचा बुरोफॅक्स, म्हणजे पोस्टातून येणारी कायदेशीर नोटीस, सहीशिक्क्यासह. 'माझ्या अशिलाची चादर' असं सुरू होऊन पुढे दोन पानं. लेआंद्रो हादरला. पण गृहपाठ म्हणजे गृहपाठ. त्यानं रीतसर उत्तर लिहिलं: आपलं पत्र मिळालं, वेळात वेळ काढून लिहिल्याबद्दल आभार, चादरीला माझ्या शुभेच्छा. हे उत्तर वाचून वकील स्वतःच घाबरला, असं म्हणतात. त्यानं विसीबाईंना सांगितलं, "समोरच्याकडे फार मोठा वकील दिसतो. चादर आत वाळवा."

रविवारी इमारतीतल्या रहिवाशांची बैठक. विषय लिफ्टचा, पण खरा विषय दरवर्षीचा एकच: अध्यक्ष कोण होणार? हे पद म्हणजे गळ्यातली धोंड, ते चुकवायला लोक आजारी पडतात, एकानं तर चक्क घर विकलं होतं. "कुणाची हरकत नसेल," लेआंद्रो फक्त एवढंच म्हणाला, "तर मी जरा खिडकी उघडू का?" पण "कुणाची हरकत नसेल तर मी" इथपर्यंतच लोकांनी ऐकलं. "हरकत नाही!" सतरा जण एका सुरात ओरडले, आणि पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं. करायला गेला एक अन् झालं भलतंच. लेआंद्रो घरी आला तो लिफ्टच्या किल्ल्या घेऊन. कासिल्दानं विचारलं, "हे पद कशासाठी घेतलंस? घराबाहेर राहायला निमित्त हवं म्हणून ना?"

आता खिडकीत काय चाललं होतं? तिथे लेआंद्रोच सगळ्यांवर संशय घेत होता. येणारा प्रत्येक माणूस निरीक्षक. काळा चष्मा लावलेला? निरीक्षकच. चष्मा नाही? तर मग हुशार निरीक्षक. एक डच म्हातारा तिकीट घेऊन दोनदा शिंकला, तर लेआंद्रोनं त्याची दोनदा माफी मागितली. राखाडी स्वेटर घातलेला एक बुटका माणूस सोमवारी आला, आणि बुधवारी परत आला. एकदा पाहिलेला पडका किल्ला कोण पुन्हा बघायला येतो? लेआंद्रोनं त्याला इतक्या नम्रतेनं तिकीट दिलं, की तो माणूस तीन पावलं मागे सरकला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. लेआंद्रोनं मनात म्हटलं, सापडला! आणि जाताना त्याला वाकून नमस्कार केला.

दरम्यान लोक घरी यायला लागले. कुणी डुकराच्या मांसाचे सॉसेज आणले, कुणी घरच्या मोरंब्याची बरणी, पाद्रीबाबा सहज म्हणून आले आणि तासभर परलोकाबद्दल बोलून गेले. शिंप्यानं माप घेऊ का विचारलं, ते कशासाठी ते नाही सांगितलं. लेआंद्रो प्रत्येकाचे आभार मानत होता, आणि प्रत्येक आभारागणिक लोकांची खात्री वाढत होती. आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

हे सगळं त्यानं सोसलं. पण सोमवारी तो चेमाच्या बारमध्ये शिरला, आणि चेमा काउंटरमागून बाहेर आला, हात पुसले, खुर्ची ओढून दिली, आणि खाली मान घालून म्हणाला, "नमस्कार लेआंद्रोसाहेब. आपण काय घेणार?"

आपण! चाळीस वर्षांत या माणसानं त्याला गाढव म्हटलं, रताळं म्हटलं, लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर न छापण्याजोगं म्हटलं, पण आपण कधी म्हटलं नव्हतं. तो कॉफी न पिताच उठला. रस्त्यानं जाताना त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं धुळीवर ढकललं. खिडकी वाचवायला निघालो आणि माणसं घालवून बसलो, असं त्याला वाटलं. पण आता दोन-तीनच दिवस राहिले होते. एवढे दोन-तीन दिवस, मग सगळं सांगून टाकू.

बुधवारी बेगोन्याबाईंनी बोलावलं. अहवाल आला होता. राखाडी स्वेटरवाला खरंच निरीक्षक निघाला. लेआंद्रो छाती फुगवून बसला.

बाईंनी वाचलं. "'मी दोन वेळा गेलो. कर्मचाऱ्याने एकूण नऊ वेळा माझे आभार मानले आणि सहा वेळा माफी मागितली. मी काहीही केलेलं नव्हतं. बावीस वर्षं नोकरी झालेला नगरपालिकेचा माणूस असं बोलत नाही. माझ्या अनुभवानुसार हा इसम काहीतरी गंभीर दडवत आहे. खिडकीत मशीन बसवण्याची तयारी ठेवावी. समक्ष चौकशीसाठी येतो.'" बाईंनी कागद खाली ठेवला, दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवला. "लेआंद्रो, आपण दोघंच आहोत. काय केलंस?"

"तुम्हीसुद्धा, बाई?"

"उद्या अकराला येतोय तो. त्या इंग्रज बाईंना साक्षीला घेऊन ये, बाबा. मला तर काही कळेनासं झालंय."

गुरुवारी अकरा वाजता किल्ल्यावर ऊन रणरणत होतं. नेमकी त्याच वेळी इंग्रजांची एक बस येऊन थांबली आणि चाळीस माणसांची रांग लागली, चिडीचूप, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. खिडकीच्या आत लेआंद्रोच्या खुर्चीवर राखाडी स्वेटर, म्हणजे आर्तिगाससाहेब, मांडीवर फाइल घेऊन. लेआंद्रो बाजूला उभा. दारात हॅट हातात धरून मिस हेझल.

"म्हणजे आपण याला शिकवलंत," आर्तिगाससाहेब म्हणाले.

"हो. अगदी मन लावून शिकले ते."

"आणि कुणाला सांगू नकोस असंही आपणच सांगितलंत." त्यांनी डोळे बारीक केले. "का बरं?"

"नाहीतर ते नाटक झालं असतं," मिस हेझल म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण निरीक्षकाच्या मनात त्याहून लख्ख असतं. आर्तिगाससाहेबांनी फाइलवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मशीनचा माणूस सोमवारी येईल. चौकशी पुरी होईपर्यंत सेब्रियान दफनभूमीवर बसतील."

तेवढ्यात चढावरून धापा टाकत चेमा आला. अंगात ॲप्रन तसाच, मागे कासिल्दा, एका हातात चप्पल. नगरपालिकेतून कुणीतरी सांगितलं होतं, की राजधानीहून साहेब आलाय आणि लेआंद्रोला घेऊन जाणार. रांगेतल्या इंग्रजांनी दोघांना वाट करून दिली आणि वर सॉरीही म्हटलं.

"कुठे नेताय याला?" चेमा खिडकीवर दोन्ही हात ठेवून ओरडला. "आजारी माणसाला नेताय? लाज वाटत नाही?"

"आजारी कुठे, बाई आहे त्याची!" कासिल्दा म्हणाली. "पण ती माझी मी बघून घेईन. त्याला नेऊ नका."

"मी आजारी नाही," लेआंद्रो म्हणाला. "बाई पण नाही. प्लीज, तुम्ही दोघं शांत व्हा. आल्याबद्दल आभा..."

"परत!" चेमाचा आवाज फाटला. त्यानं ॲप्रननं डोळे पुसले. "परत आभार! चाळीस वर्षं तू माझी कॉफी प्यायलास. एकदा तरी थँक यू म्हणालास? नाही! का? मी तुझा होतो म्हणून! घरच्याचे आभार मानतात का कधी? आता मला परक्यासारखा थँक यू म्हणतोस. मी काय केलं रे तुझं? मरणार असशील तर तसं सांग. मला टाकला असशील तर तेही सांग. पण हे गोड बोलणं बंद कर, माझ्यानं ऐकवत नाही!"

लेआंद्रोनं एकदा मिस हेझलकडे पाहिलं, एकदा फाइलकडे. मग त्याच्या गळ्यात पंधरा दिवस जे अडकलं होतं ते सुटलं.

तो काय काय बोलला ते इथे जसंच्या तसं छापता येणार नाही. सुरुवात दुधापासून झाली. तिथून तो समुद्रावर गेला, समुद्रावरून घंटेवर, घंटेवरून संतांच्या यादीत शिरला आणि एकही संत वगळला नाही. मग चेमाचं टक्कल, चेमाची कॉफी, त्या कॉफीत मरून पडलेली माशी, एल्विराचे दात, विसीबाईंची चादर, मूठभर मिठाची आमटी, आणि ज्यापायी हे सगळं झालं तो मंगळवार-गुरुवारचा इंग्रजीचा वर्ग. "आणि तू रे रताळ्या," तो शेवटी म्हणाला, "लेआंद्रोसाहेब? साहेब म्हणतोस मला? चर्चच्या पायरीवर काय म्हणाला होतास आठवतं का? तेच म्हण पुन्हा, नाहीतर तुझ्या बारमध्ये पाऊल टाकणार नाही, मेल्या!"

चेमानं तेच म्हटलं, मोठ्यानं. मग दोघांनी खिडकीच्या चौकटीतून एकमेकांच्या गळ्यात हात टाकले, तिकिटांचा गठ्ठा खाली पडला. कासिल्दानं हातातली चप्पल लेआंद्रोच्या पाठीत घातली आणि म्हणाली, "गाढवा, इंग्रजी शिकत होतास तर मला सांगायचंस ना!" आणि मग ती रडत रडत हसायला लागली.

आर्तिगाससाहेब मांडीवरची फाइल धरून बघत राहिले होते. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. त्यांनी मघाची रेघ खोडली आणि वर लिहिलं: 'माणूस सरळ आहे. दडवण्यासारखं काही नाही.' फाइल मिटून ते म्हणाले, "खिडकी तुमचीच. बसा." आणि जागा करून दिली.

"पण तक्रारी?" लेआंद्रोनं घाबरत विचारलं. रांग अजून तशीच उभी होती, चाळीस जोड डोळे. तो खुर्चीवर बसला, पहिल्या म्हाताऱ्या इंग्रजाकडे वळला आणि मिस हेझलच्या फळ्यावरचं वाक्य एका दमात म्हणाला, की आपल्याला उन्हात ताटकळत ठेवल्याबद्दल मनापासून क्षमा असावी, आणि आपली हरकत नसेल तर किती तिकिटं देऊ? म्हातारा खूश झाला. दोन म्हणाला.

चेमानं ते ऐकलं आणि कासिल्दाच्या कानाशी कुजबुजला, "बघ, कसं तोडून बोलतो बिचाऱ्याशी. परका ना तो."

हे मिस हेझलनी ऐकलं. त्या अजून दारातच उभ्या होत्या. त्यांनी हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"चेमा," त्या म्हणाल्या, "मी नऊ वर्षं तुमच्याकडे कॉफी प्यायला येते. रोज."

"हो, मिस हेझल. येता ना आपण."

"तुम्ही मला कधीच शिवी दिली नाहीत."

चेमाचा चेहरा लाल झाला. तो कासिल्दाकडे बघायला लागला, कासिल्दा जमिनीकडे. नऊ वर्षांत पोस्टातला माणूस त्यांच्यासाठी उभा राहिला होता, बेकरीवाली त्यांना पहिला नंबर देत होती, सगळं गाव त्यांना आपण-आपण करत होतं. मिस हेझल वळल्या आणि हळूच उन्हाकडे चालायला लागल्या.

"ए म्हातारे!" लेआंद्रो खिडकीतून गरजला.

रांगेतले चाळीस इंग्रज दचकले. मिस हेझल थांबल्या.

"कुठे निघालीस तोंड वर करून? तुझ्या त्या शिकवणीपायी माझी बायको सुटत होती, मित्र तुटत होता, लिफ्टच्या किल्ल्या गळ्यात पडल्या, आणि आता पाठ फिरवून चाललीस? उन्हात मरायचंय का, काटकुळे? ये इकडे! बस इथे!" त्यानं उठून खुर्ची दाराकडे सरकवली आणि डब्यातून एक संत्रं काढून त्यांच्या हातात कोंबलं. "आणि हे खा!"

मिस हेझल खुर्चीवर बसल्या. "थँक..." त्या म्हणायला लागल्या.

"गप्प बस गं," कासिल्दा म्हणाली.

मिस हेझल गप्प बसल्या, आणि संत्रं सोलायला लागल्या.